आधी मास्टर लावा, मग जॉब: औषधाचा रेणू संगणकावर बसवून बघण्याची रीत

बेळगावात उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये माझ्या वडिलांनी सत्तावीस वर्षं लेथ चालवली. शाफ्ट बोअरमध्ये किती सैल बसतोय, किती घट्ट, हे त्यांना नुसत्या बोटांनी कळायचं. तरी रोज सकाळचं पहिलं काम ठरलेलं. भोकाचं माप घेणारा बोअर गेज हातात घ्यायचा, मास्टर रिंगमध्ये, म्हणजे अचूक मापाच्या कड्यात घालायचा, काटा शून्यावर येतो का बघायचं. त्याआधी जॉबला, म्हणजे मशीनवर करायच्या तुकड्याला, हात नाही.

औषधाचा रेणू संगणकावर प्रथिनाच्या खाचेत बसवून बघतात, त्याला डॉकिंग म्हणतात. हे शिकवायला लागल्यापासून मला ती रिंग सारखी आठवते. मुलं प्रोजेक्ट घेऊन येतात, त्यात जॉब असतो, रंगीत चित्रं असतात, उणे अकरा, उणे बारा असे आकडे असतात. मास्टर मात्र नसतो. ज्या यंत्राने मोजलं ते बरोबर मोजतंय का, हे कुणी बघितलेलंच नसतं.

हा लेख बी. फार्मच्या शेवटच्या वर्षातल्या, एम. फार्मच्या पहिल्या वर्षातल्या आणि एम. एस्सी. करणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. खानापूर, निपाणी, बेळगाव तालुक्यातली आपली बरीच मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकतात आणि पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम इंग्रजीत पडतात. विषय समजत नाही असं त्यांना वाटतं. खरं तर विषय समजतो, अडते ती भाषा. म्हणून सगळी रीत मराठीत सांगतो. शब्द मात्र संगणकावर दिसतात तेच ठेवलेत, म्हणजे पडद्यासमोर बसल्यावर गोंधळ होणार नाही.

कुलूप कोणतं घ्यायचं

सरावासाठी मी सगळ्यांना एकच प्रथिन देतो: ॲसिटिलकोलिनएस्टरेज. हे एक एन्झाइम आहे. मज्जातंतूंमधून निरोप नेणारं ॲसिटिलकोलिन काम झाल्यावर तोडून टाकणं, एवढंच त्याचं काम. अल्झायमरच्या रुग्णांत ॲसिटिलकोलिन कमी पडतं, म्हणून ते तोडणाऱ्या एन्झाइमचा वेग कमी करायचा, या विचारातून डोनेपेझिल हे औषध आलं. त्याने आजार बरा होत नाही, स्मृतीला काही काळ आधार मिळतो.

या एन्झाइमची दुसरी ओळख निपाणी भागातल्या तंबाखूच्या, उसाच्या शेतकऱ्यांना नाव माहीत नसताना आहे. फवारणीचं ऑर्गॅनोफॉस्फेट अंगात भिनलं की तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, श्वास अडकतो. ते विष याच एन्झाइमला बंद पाडत असतं. गोळीही तिथेच बसते आणि विषही, पण बसण्याची तऱ्हा निराळी. डोनेपेझिल खाचेत येतं आणि सुटूनही जातं. ऑर्गॅनोफॉस्फेट मात्र एन्झाइमच्या सेरीन २०३ या जागेला (साखळीतल्या २०३ व्या अमिनो आम्लाला) रासायनिक बंधाने चिकटतं. साधं डॉकिंग असा बंध तयार झालेला दाखवू शकत नाही. त्यामुळे कीटकनाशक या पद्धतीने डॉक करून निष्कर्ष काढू नका.

सरावाला हे एन्झाइम निवडण्याचं कारण त्याची खाच. ती पृष्ठभागावरचा उथळ खळगा नाही, सुमारे २० आंगस्ट्रॉम खोल अशी अरुंद घळ आहे. (एक आंगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग.) चोर्ला घाटात उतरताना दोन्ही बाजूंनी कडे अंगावर येतात तशी ती आहे. घळीच्या तळाशी ट्रिप्टोफॅन ८६, तोंडाशी ट्रिप्टोफॅन २८६. डोनेपेझिल लांबट आहे, त्याचं एक टोक तळाशी आणि दुसरं तोंडाशी टेकतं. रेणू चुकीचा बसला तर नजरेलाच कळतं, आणि शिकणाऱ्याला तेच हवं असतं.

संगणक आणि फोल्डर

आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. ग्राफिक्स कार्ड लागत नाही. सॉफ्टवेअर सगळं शिक्षणासाठी फुकट मिळतं: डॉकिंगला ऑटोडॉक व्हायना, बघायला आणि साफसफाईला यूसीएसएफ कायमेरा एक्स किंवा पायमॉलची मुक्त आवृत्ती, फाइलींचा प्रकार बदलायला ओपन बॅबेल, आणि प्रथिन व रेणू व्हायनाच्या पीडीबीक्यूटी प्रकारात आणायला ऑटोडॉक टूल्स किंवा मीको. व्हायना ऑलेग ट्रॉट आणि आर्थर ओल्सन यांनी अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेत तयार केलं. त्याचा शोधनिबंध २०१० चा आहे.

फोल्डर थेट सी किंवा डी ड्राइव्हवर करा. नाव लहान असावं, इंग्रजी अक्षरांत असावं, मधे जागा सोडू नका. विंडोजमध्ये तुमच्या खात्याच्या नावात जागा असेल आणि फाइली डेस्कटॉपवर असतील, तर अर्धी साधनं फाइल सापडत नाही म्हणून थांबतात. या एका कारणाने दोन दोन दिवस वाया गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

एक वहीही ठेवा, कागदाची. कोणती फाइल, कोणत्या दिवशी, कोणत्या आवृत्तीत, काय बदललं, सगळं लिहा. मधेच वीज गेली की वहीच कामाला येते.

पहिली पायरी: रचना निवडणे

प्रथिनांच्या त्रिमितीय रचना प्रोटीन डेटा बँकेत मिळतात. १९७१ मध्ये ती अवघ्या सात रचनांवर सुरू झाली, आज दोन लाखांच्या वर आहेत. प्रत्येक रचनेला चार अक्षरांचा संकेतांक असतो. आपल्याला हवी ती आहे ४ईवाय७, म्हणजे चार, ई, वाय, सात: मानवी ॲसिटिलकोलिनएस्टरेज, आत डोनेपेझिल बसलेलं, रिझोल्यूशन २.३५ आंगस्ट्रॉम, साल २०१२.

हीच का? हीच चाळणी उद्या तुमच्या स्वतःच्या प्रथिनाला लावायची आहे, म्हणून कारणं नीट बघा. रचना माणसाची आहे. आत औषधाचा रेणू बसलेला आहे, म्हणजे खाच उघडी आहे आणि ती कुठे आहे हे शोधावं लागत नाही. रिझोल्यूशन अडीचच्या आत आहे. हा आकडा जितका लहान तितकी रचना स्पष्ट. तीनच्या पुढे गेलात तर अमिनो आम्लांच्या बाजूच्या साखळ्या नेमक्या कुठे वळल्यात हे बऱ्याचदा अंदाजाने ठेवलेलं असतं.

इथे एक खाचखळगा आहे. या एन्झाइमची पहिली रचना १९९१ मध्ये मिळाली, पण ती टॉर्पेडो नावाच्या विजेचा धक्का देणाऱ्या माशाच्या एन्झाइमची होती. जुन्या शोधनिबंधांत त्या माशाचेच क्रमांक असतात: तिथला ट्रिप्टोफॅन ८४ म्हणजे माणसातला ८६, आणि तिथला २७९ म्हणजे माणसातला २८६. दोन निबंधांतले क्रमांक जुळले नाहीत की मुलं घाबरतात. आधी कोणत्या प्राण्याचं एन्झाइम आहे ते बघा.

स्फटिकापासून मिळालेली रचना नसेल तर अल्फाफोल्ड या प्रथिनाची रचना सांगणाऱ्या संगणक-पद्धतीच्या भाकितावर जावं लागतं. त्या कामासाठी २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं आणि ते काम तेवढं मोठं आहेच. पण डेटाबेसमधल्या त्या रचनेत औषधाचा रेणू नसतो, खाच अर्धवट मिटलेली असू शकते. पहिल्या प्रोजेक्टला तो रस्ता धरू नका.

दुसरी पायरी: प्रथिन साफ करणे

डाउनलोड केलेली फाइल म्हणजे भट्टीतून नुकतं काढलेलं कास्टिंग. त्याला रायझर असतो, फ्लॅश असतो, वाळू चिकटलेली असते. फेटलिंग, म्हणजे हे सगळं काढून साफ केल्याशिवाय मशीनवर चढवत नाहीत, तसंच हे.

४ईवाय७ मध्ये एन्झाइमच्या दोन प्रती आहेत, ए साखळी आणि बी साखळी. आपल्याला एकच पुरे, ए ठेवा. प्रथिनाला चिकटलेले साखरेचे तुकडे आणि स्फटिक बनवताना वापरलेली रसायनं खाचेपासून लांब असतील तर काढा. डोनेपेझिल काढण्याआधी ते वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवा. त्याचा तिथला संकेत ई२० आहे. हीच तुमची मास्टर रिंग.

पाण्याचे रेणू सरसकट काढायचे की ठेवायचे? बहुतेक ठिकाणी सगळे काढायला सांगतात. शिकताना काढा, हरकत नाही. पण या घळीत काही पाणी रेणू आणि प्रथिन यांच्यामध्ये पुलासारखं बसलेलं असतं, हे आधी डोळ्यांनी बघा आणि वहीत लिहा. पुढे एखादा रेणू विचित्र बसला तर हेच कारण असू शकतं.

मग हायड्रोजन जोडायचे. क्ष-किरणांना हायड्रोजन फारसे दिसत नाहीत, म्हणून ते फाइलमध्ये नसतात. हिस्टिडीनकडे लक्ष द्या. त्याचा हायड्रोजन दोनपैकी कोणत्या नायट्रोजनवर आहे, यावर खाचेतले हायड्रोजन बंध ठरतात, आणि हिस्टिडीन ४४७ तर या एन्झाइमच्या कामाच्या मुख्य तिघांपैकी एक आहे. सॉफ्टवेअरने जे ठरवलं ते शेजारची अमिनो आम्लं बघून पटतंय का, हे तपासा.

'अनावश्यक सगळं काढा' हा आदेश डोळे मिटून देऊ नये, यासाठी आपल्या जंगलातलंच उदाहरण देतो. सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे. त्यात कॅम्टोथेसिन असतं. हा रेणू १९६६ मध्ये वॉल आणि वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळा केला, १९७२ मध्ये तो नरक्यातही सापडल्याचं प्रसिद्ध झालं, आणि त्याच्यावरून टोपोटेकान व इरिनोटेकान ही कर्करोगावरची औषधं १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. नरक्याचं नाव ऐकून मुलं उत्साहाने टोपोआयसोमरेज-१ हे कॅम्टोथेसिन ज्याला अडवतं ते प्रथिन घेतात आणि साफसफाईत डीएनए काढून टाकतात. पण कॅम्टोथेसिन बसतं कुठे? डीएनएच्या तुटलेल्या जागी, पायऱ्यांसारख्या दोन बेसजोड्यांच्या मधे, आणि प्रथिन त्याला बाजूने धरतं. डीएनए काढला की खाचच उरत नाही. व्हायना तक्रार करत नाही. ते मुकाट्याने रेणू दुसरीकडे कुठेतरी बसवतं आणि आकडा देतं.

तिसरी पायरी: रेणू तयार करणे

पबकेम या रेणूंच्या मोफत डेटाबेसमधून डोनेपेझिल घ्या. त्याचा क्रमांक ३१५२. त्रिमितीय एसडीएफ फाइल उतरवा. तिथेच डोनेपेझिल हायड्रोक्लोराइडही दिसेल, ते घेऊ नका. गोळीत क्षार असतो, पण खाचेत क्लोराइड बसत नाही.

ई२० ची स्फटिकातली फाइल हाताशी असताना पबकेममधून कशाला, असं विद्यार्थी विचारतात. स्फटिकातल्या रेणूचे बंधकोन आधीच त्या खाचेला जुळलेले असतात. तोच परत बसवला तर परीक्षा सोपी होते, म्हणजे उत्तर माहीत असलेला पेपर सोडवल्यासारखं. रेणू बाहेरून, नव्याने बनवून आणा. ई२० फक्त तुलनेला ठेवा.

आता तीन गोष्टी तपासा. पहिली, हस्तता, म्हणजे रेणू उजव्या हातासारखा की डाव्या. डोनेपेझिलमध्ये एक असममित कार्बन आहे आणि औषध म्हणून त्याचं उजवं-डावं मिश्रण विकलं जातं. ४ईवाय७ मध्ये कोणतं रूप आहे ते पडद्यावर बघून तेच बनवा. उलटं रूप घेतलंत तर ते कधीच नीट जुळणार नाही आणि तुम्ही व्हायनाला दोष देत बसाल. दुसरी, प्रोटॉन. शरीराच्या ७.४ पीएचला डोनेपेझिलच्या पायपेरिडीन वलयातल्या नायट्रोजनवर बहुतांशी प्रोटॉन असतो. व्हायना विद्युतभार मोजत नाही, पण हायड्रोजन बंध देणारा अणू कोणता हे ते बघतं, म्हणून तो हायड्रोजन असणं गरजेचं. तिसरी, फिरणारे बंध. पबकेमच्या मोजणीत डोनेपेझिलला सहा आहेत. तुमच्या पीडीबीक्यूटी फाइलमध्ये एकही फिरणारा बंध दिसत नसेल, तर रेणू काठीसारखा ताठ राहिलाय.

चौथी पायरी: पेटी

शोध कुठे घ्यायचा हे व्हायनाला एका पेटीने सांगायचं असतं: मध्यबिंदूचे तीन आकडे आणि लांबी, रुंदी, उंचीचे तीन. मध्यबिंदू अंदाजाने ठेवू नका. ई२० च्या सगळ्या अणूंच्या स्थानांची सरासरी काढा, तोच मध्य. कायमेरा एक्समध्ये ती लगेच मिळते. पेटी रेणूपेक्षा सगळ्या बाजूंनी चार-पाच आंगस्ट्रॉम मोठी ठेवा. या घळीला २२ ते २५ चांगले.

इथली एक चूक मी स्वतः केली आणि त्यात माझा महिना गेला, म्हणून थांबून सांगतो. ऑटोडॉक टूल्समध्ये पेटी दाखवताना ६० × ६० × ६० असा आकडा दिसतो. ते आंगस्ट्रॉम नसतात, बिंदू असतात, आणि दोन बिंदूंतलं अंतर ठरलेलं ०.३७५ असतं. म्हणजे खरी पेटी २२.५ आंगस्ट्रॉमची. व्हायनाला मात्र आंगस्ट्रॉमच हवेत. मी ६० तसाच उतरवला. पेटी घळीपुरती न राहता एन्झाइमभर पसरली, रेणू कुठेही बसायला लागले, दर वेळी उत्तर वेगळं. ऑटोडॉक टूल्समध्ये आधी अंतर १ करून घ्या, मग दिसेल तो आकडा उतरवा. पेटीचं घनफळ २७,००० घन आंगस्ट्रॉमच्या वर गेलं की व्हायना इशारा देतं. म्हणजे ३० च्या घनापर्यंत ठीक. तो इशारा वाचा.

पाचवी पायरी: मास्टर लावणे

हीच खरी पायरी. बाकी सगळं हिच्या तयारीसाठी.

एका साध्या मजकूर फाइलमध्ये एकेक ओळ लिहायची: रिसेप्टर (प्रथिन) कोणती फाइल, लिगँड (बसवायचा रेणू) कोणती, मध्याचे तीन आकडे, आकाराचे तीन आकडे, एक्झॉस्टिव्हनेस, सीड. शब्द इंग्रजी अक्षरांतच, व्हायनाच्या माहितीपुस्तिकेत आहेत तसे. एक्झॉस्टिव्हनेस म्हणजे किती कसून शोधायचं. ते मुळात ८ असतं, तुम्ही ३२ करा. साध्या लॅपटॉपवर काही मिनिटं जास्त लागतील एवढंच. सीड म्हणजे शोधाची सुरुवात ठरवणारा आकडा. तो लिहून ठेवला तर तेच उत्तर पुन्हा काढता येतं. तीन वेगवेगळे सीड देऊन तीनदा चालवा.

उत्तरात साधारण नऊ बैठका, म्हणजे रेणू बसण्याच्या तऱ्हा येतात, प्रत्येकीपुढे किलोकॅलरी प्रति मोलमध्ये एक उणे आकडा. तो जितका जास्त उणे, तितकी पकड घट्ट असा अंदाज. आता पहिली बैठक आणि स्फटिकातलं ई२० एकावर एक ठेवून अणूंमधलं सरासरी अंतर काढायचं. याला आरएमएसडी म्हणतात. २ आंगस्ट्रॉमच्या आत असेल तर पद्धत या प्रथिनाला लागू पडली असं मानण्याचा प्रघात आहे.

दोन इशारे. व्हायनाच्या निकालात आरएमएसडीचे दोन रकाने आपोआप येतात. ते स्फटिकाशी तुलना करत नाहीत, फक्त पहिल्या बैठकीशी बाकीच्यांची करतात. त्यामुळे पहिल्या ओळीत नेहमी शून्यच असतं. ते शून्य दाखवून 'आमचं रिडॉकिंग (माहीत असलेला रेणू परत बसवणं) अचूक आलं' असं लिहिलेले अहवाल माझ्या हाती आलेत. खरा आरएमएसडी वेगळा काढावा लागतो. ओपन बॅबेलसोबत येणारं ओबीआरएमएस हे साधन चालतं, आणि बेंझिन वलय अर्धं फिरलं तरी तेच असतं हेही त्याला कळतं. दुसरा इशारा: तुलना करताना रेणू रेणूवर ओढून जुळवणारा आदेश वापरू नका. आपल्याला रेणूचा आकार जुळतोय का हे बघायचं नाही, तो त्या जागी बसलाय का हे बघायचंय.

आकडा आला तरी डोळ्यांनी बघाच. बेंझिल टोक तळाशी ट्रिप्टोफॅन ८६ वर पत्त्यासारखं पडलंय का? इंडानोन टोक तोंडाशी २८६ वर? इंडानोनचा ऑक्सिजन फिनिलॲलनीन २९५ च्या मुख्य साखळीशी हायड्रोजन बंध करतोय का?

नाही जमलं तर मागे जा. क्रम असा: हस्तता, मग पेटीचा मध्य, मग प्रोटॉन, मग पाणी. बहुतेक वेळा पहिल्या दोनांतच सापडतं.

जमलं तर आणखी एक मास्टर लावा. गॅलँटामाइन हेही अल्झायमरचं औषध, मूळचं स्नोड्रॉपच्या कुळातल्या कंदांमधलं. ते याच एन्झाइममध्ये बसलेली रचना ४ईवाय६ या संकेतांकाने आहे. गॅलँटामाइन ४ईवाय७ मध्ये डॉक करा आणि ४ईवाय६ मधल्या जागेशी ताडून बघा. दुसऱ्या रेणूच्या मापाने थोड्या वळलेल्या खाचेतही पद्धत टिकते का, ते यातून कळेल.

सहावी पायरी: तुमचे रेणू

आता जॉब चढवा. पण तो एकटा नको. सोबत ज्यांचा परिणाम मोजलेला आहे असे आठ-दहा रेणू घ्या, आणि दिसायला तसेच पण बहुधा काम न करणारे शे-सव्वाशे. अशा फसव्या रेणूंचा तयार संच डीयूडी-ई नावाने मिळतो. त्यात १०२ प्रथिनं आहेत, आपलं एन्झाइमही आहे. सगळे एकत्र चालवा आणि यादी आकड्यानुसार लावा. खरे रेणू वरच्या भागात जमले तर तुमची पद्धत खरं-खोटं ओळखते. ते यादीभर विखुरले तर तुमच्या नव्या रेणूचा उणे बारालाही अर्थ नाही. संगणक रात्रभर चालेल, चालू द्या. चार्जर लावून ठेवा.

आकडा कसा वाचायचा

मागच्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातली एक विद्यार्थिनी आली. ब्राह्मीतले घटक तिने याच एन्झाइमवर डॉक केले होते. बॅकोसाइड ए३ चा आकडा डोनेपेझिलपेक्षाही चांगला आला होता. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. मी म्हटलं, "मला रेणू दाखव, आकडा राहू दे." तिने चित्र फिरवलं. रेणू घळीत नव्हताच. तोंडाबाहेर पृष्ठभागावर वेलीसारखा पसरला होता. पेटी मोठी पडली होती. ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "सर, हे आत गेलंच नाही की हो."

बॅकोसाइड ए३ चा रेणुभार ९२९ आहे. डोनेपेझिलचा ३७९. व्हायनासारख्या पद्धती अणूंच्या जोड्या मोजून बेरीज करतात, त्यामुळे मोठ्या रेणूला नुसत्या आकारामुळे जास्त गुण मिळतात. म्हणून आकड्याला जड (हायड्रोजन सोडून बाकीच्या) अणूंच्या संख्येने भागून बघायची सवय ठेवा, आणि सारख्याच आकाराचे रेणू एकमेकांशी ताडा.

दुसरं गणित त्याहून महत्त्वाचं. खोलीच्या तापमानाला १.३६ किलोकॅलरीचा फरक म्हणजे चिकटण्याच्या ताकदीत दहापट फरक. व्हायनाच्या मूळ निबंधात दिलेली चूक २.८५ किलोकॅलरी आहे. म्हणजे आकडा एका बाजूला शंभरपटीहून जास्त हुकू शकतो. तेव्हा उणे ९.२ चा रेणू उणे ८.९ च्या रेणूपेक्षा 'सरस' असं लिहिणं म्हणजे फूटपट्टीने मायक्रॉन मोजणं. माझं मत विचाराल तर आकड्याने फक्त गाळणी करावी, निवड बैठक बघून करावी.

औषध होण्याच्या वाटेवर

रेणू बसतो एवढ्याने तो औषध होत नाही. लिपिन्स्की यांचे १९९७ चे निकष सगळ्यांना पाठ असतात: रेणुभार ५०० पर्यंत, लॉगपी (रेणू पाण्यापेक्षा तेलात किती जातो त्याचं माप) ५ पर्यंत, हायड्रोजन बंध देणारे ५ पर्यंत, घेणारे १० पर्यंत. हे तोंडाने घ्यायच्या औषधासाठी आहेत. आपल्या कामाला आणखी एक अट: रेणूने रक्तातून मेंदूत जायला हवं. स्विसएडीएमई या संकेतस्थळावर रचना टाकली की दोन्हींचा अंदाज मिळतो. तो अंदाजच समजा.

हळदीबद्दल बोलायलाच हवं. दर वर्षी कुणीतरी कर्क्युमिन घेऊन येतंच. कर्क्युमिन असा रेणू आहे जो प्रयोगशाळेतल्या अनेक चाचण्यांत 'काम करतो' असं दिसतं, पण ते बऱ्याचदा चाचणीशी खेळ करून. अशा रेणूंना पेन्स म्हणतात आणि स्विसएडीएमई त्यांचा इशारा देतं. २०१७ मध्ये औषधरसायनाच्या अभ्यासकांनी कर्क्युमिनच्या साऱ्या दाव्यांचा सविस्तर आढावा घेतला आणि ते अस्थिर, शरीरात नीट न शोषलं जाणारं, औषध म्हणून हाती न लागणारं आहे असं दाखवलं. घरात हळद वापरा. पहिल्या डॉकिंगला कर्क्युमिन घेऊ नका.

डॉकिंगनंतर मॉलिक्युलर डायनॅमिक्स करतात, म्हणजे पाण्यात प्रथिन हलू देऊन रेणू टिकतो का बघतात. ग्रोमॅक्स फुकट आहे, पण ग्राफिक्स कार्डाशिवाय जीव काढतं. मास्टर जमल्याशिवाय तिकडे जाऊ नका. चुकीच्या बैठकीवर शंभर नॅनोसेकंद घातले तरी बैठक चुकीचीच राहते.

संगणक बंद केल्यावर

या एन्झाइमची आणखी एक चांगली गोष्ट म्हणजे त्याची खरी चाचणी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. एलमन यांची पद्धत, १९६१ ची. एन्झाइम ॲसिटिलथायोकोलिन तोडतं, त्यातून निघालेलं थायोकोलिन डीटीएनबी या रसायनाशी जुळतं आणि पिवळा रंग येतो. तो ४१२ नॅनोमीटरला स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजायचा. तुमचा रेणू एन्झाइमला अडवत असेल तर पिवळेपणा हळू चढेल. वनस्पतींच्या घटकांवर पुढचं काम करायचं असेल तर आयसीएमआरची राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था बेळगावातच आहे. तिथे जाताना रिडॉकिंगचं पान आणि वही घेऊन जा.

खानापूरच्या त्या मुलीने पेटी बारीक केली, बॅकोसाइड सोडून दिलं, ब्राह्मीतले लहान रेणू घेतले आणि आधी डोनेपेझिल बसवलं. दोन आंगस्ट्रॉमच्या आत आल्यावर तिने मला रात्री साडेदहाला चित्र पाठवलं. आता ती एलमनची तयारी करतेय. पहिल्याच दिवशी एन्झाइमची ट्यूब, डोनेपेझिलची ट्यूब आणि अर्काची ट्यूब अशा तीन लावून बसली होती. मी चौथी लावायला सांगितली: अर्क आहे, डीटीएनबी आहे, एन्झाइम नाही. पानांच्या अर्काला स्वतःचा रंग असतो आणि तो ४१२ लाही थोडा दिसतोच. कर्क्युमिनचा तर ४२५ च्या आसपास सर्वांत गडद असतो. ती चौथी ट्यूब आधी मोजायची, वहीत लिहायची, मग बाकीच्या.